कच्च्या रस्त्यांवरील पिकअप वाहने

पिकअप हे पुढे चालकाचा कक्ष व मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू मोटार वाहन आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शेतमाल, खते, बियाणे, दूध, जनावरे व बांधकामाचे साहित्य यांच्या वाहतुकीसाठी ही वाहने मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. एकाच नावाचे पिकअप वेगवेगळ्या इंजिनांसह, भारक्षमतांसह आणि दोन किंवा चार चालित चाकांसह विकले जाते. अशा प्रत्येक प्रकाराला त्या वाहनाचा उपप्रकार म्हणतात. डांबरी रस्त्यावर या उपप्रकारांमधील फरक फारसा जाणवत नाही. पाणंद रस्ता, चिखल, चढ व ओढा येथे मात्र तो निर्णायक ठरतो. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या भूप्रदेशाच्या संदर्भात या वाहनांची रचना, इंजिने, उपप्रकार व निवडीचे निकष यांची माहिती दिली आहे.

नाव

मराठी बोलीत लहान मालवाहू वाहनाला 'टेम्पो' म्हणण्याची जुनी रीत आहे. हा शब्द एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला. १९५८ मध्ये न. कु. फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन सहकार्याने तीनचाकी मालवाहू वाहने बनवण्यास सुरुवात केली आणि कंपनीचे नाव हेच वाहनाचे सामान्यनाम झाले. त्याचप्रमाणे २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एस या लहान वाहनाला 'छोटा हत्ती' हे नाव मिळाले. 'पिकअप' हा शब्द मात्र मूळ रूपातच रुळला असून तो मराठीत नपुंसकलिंगी व स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे वापरला जातो.

इतिहास

कारखान्यातूनच हौद्यासह तयार होऊन आलेल्या पिकअपचे आरंभीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेले मॉडेल टी गाडीचे पिकअप रूप होय. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांच्या अनुभवातून चारही चाकांना शक्ती पुरवणारी नागरी पिकअप वाहने पुढे आली. १९४६ मधील डॉज पॉवर वॅगन हे त्यांपैकी एक होते. टोयोटा हायलक्स हे जपानी पिकअप १९६८ मध्ये आले.

भारतात महिंद्रा कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू केली. चारही चाकांना शक्ती देता येणारे वाहन त्यामुळे नागरी वापरात आले. तत्कालीन टेल्को, म्हणजे नंतरची टाटा मोटर्स, हिने १९८८ मध्ये टाटामोबाइल हे पिकअप सादर केले. त्याच पायावर पुढे १९९१ मध्ये टाटा सिएरा ही मोटार बनली. महिंद्राची बोलेरो २०००मध्ये आली आणि तिच्या नावाने विकले जाणारे पिकअप ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र दिसू लागले. २००७ मध्ये स्कॉर्पिओ गेटअवे, २०१६ मध्ये इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस व २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स या वाहनांमुळे मालवाहतुकीखेरीज प्रवास व साहस यांसाठीही पिकअप घेण्याची प्रथा भारतात सुरू झाली.

हिंगोली जिल्ह्यातील भूप्रदेश व रस्ते

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके होत. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. येथील वाहनांची नोंदणी 'एमएच ३८' या क्रमांकाने होते. पैनगंगा, कयाधू व पूर्णा या प्रमुख नद्या आहेत. अकोला, वाशिम, हिंगोली व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्यातून जातो.

वाहनाच्या दृष्टीने जिल्ह्यात दोन प्रकारची जमीन महत्त्वाची आहे. नदीकाठची व सखल भागातील जमीन काळी व भारी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात. त्यामुळे पावसाळ्यात ती चिकट व निसरडी होते, टायरच्या खाचांत भरून बसते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. औंढा नागनाथ, सेनगाव व कळमनुरी तालुक्यांतील डोंगराळ भागात मुरमाड व बरड जमीन आढळते. तेथे पाण्याचा निचरा लवकर होतो. परंतु चढ, सुटे दगड आणि पावसाने पडलेल्या घळी यांमुळे वाहनाचा तळ घासण्याचा धोका असतो.

शेतात जाणाऱ्या वाटेला पाणंद किंवा पांदण म्हणतात. दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा ती बहुधा खोलगट असल्याने पावसाचे पाणी तिच्यातच साचते. या वाटा सुधारण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू केली.

पीकपद्धतीमुळे या प्रश्नाला आर्थिक महत्त्व येते. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि परतीचा पाऊसही त्याच वेळी पडतो. काढलेला माल भिजला तर त्यातील ओलावा वाढतो व भाव कमी मिळतो. हळद हे जिल्ह्याचे दुसरे महत्त्वाचे पीक असून वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्र आहे. हळद उन्हाळ्यात बाजारात जाते, तेव्हा वाटा कोरड्या असतात. त्यामुळे वाहन कोणते हवे हे 'कोणता माल, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने' यावर ठरते.

रचना

बहुतेक पिकअप वाहनांत शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर चालककक्ष व हौदा स्वतंत्रपणे बसवलेले असतात. मागील आसाला सामान्यतः कमानपाटे असतात. भार वाढला की पाटे दबतात आणि वाहन स्थिर चालते. हौदा रिकामा असताना तेच पाटे कडक राहून मागील चाके खड्ड्यांत उसळतात. उसळलेल्या चाकाची जमिनीवरील पकड क्षणभर सुटते. म्हणून अधिक भारक्षमतेचा उपप्रकार रिकामा असताना कच्च्या रस्त्यावर अधिक चांगला चालेलच असे नाही.

चालककक्षाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकेरी कक्षात दोन ते तीन जण बसतात व हौदा लांब मिळतो. दुहेरी कक्षात पाच जण बसतात, पण हौदा आखूड होतो. महिंद्राचे बोलेरो कॅम्पर, व्ही-क्रॉस व हायलक्स ही दुहेरी कक्षाची वाहने आहेत.

इंजिन

*शक्ती व टॉर्क*

इंजिनाची फिरवण्याची ताकद म्हणजे टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हे काम किती वेगाने होते त्याचे माप म्हणजे शक्ती. ती किलोवॉट किंवा अश्वशक्तीत सांगतात. महामार्गावरील वेग प्रामुख्याने शक्तीवर अवलंबून असतो. चिखलात व चढावर वाहन सावकाश चालवावे लागते. तेथे कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क उपयोगी पडतो. उत्पादक जो कमाल टॉर्क जाहीर करतात, त्यासोबत तो मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो हेही पाहणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, हायलक्सच्या हस्तचलित गिअरच्या उपप्रकारात ४२० न्यूटन-मीटर टॉर्क १,४०० ते ३,४०० फेऱ्यांदरम्यान मिळतो, तर व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनात ३६० न्यूटन-मीटर टॉर्क २,००० ते २,५०० फेऱ्यांदरम्यान मिळतो.

तथापि चिखलातून बाहेर पडण्यासाठी फार मोठे इंजिन लागते, ही समजूत बरोबर नाही. २०० न्यूटन-मीटर टॉर्कचे इंजिन, पहिल्या गिअरमधील एकूण १७ पट गिअर प्रमाण आणि ०.३५ मीटर त्रिज्येचे चाक धरल्यास चाकांपाशी सुमारे ९,७०० न्यूटन, म्हणजे जवळपास १,००० किलो वजनाइतका जोर मिळतो. ओल्या काळ्या मातीत चाकांची पकड याच्या निम्मा जोरही झेलू शकत नाही. इंजिनाचा जोर संपण्याआधी पकड संपते व चाके जागच्या जागी फिरतात. अशा वेळी अधिक शक्तिशाली इंजिन चाक अधिक वेगाने फिरवून खड्डा अधिक खोल करते.

*इंधन व उत्सर्जन*

१ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली. डिझेल इंजिनातील काजळी अडवण्यासाठी धूरनळीत गाळणी बसवली जाऊ लागली. ती साफ होण्यासाठी धूर पुरेसा तापावा लागतो. रोज केवळ दोन-तीन किलोमीटर शेत व गाव एवढ्याच फेऱ्या झाल्या तर धूर तापत नाही, गाळणी तुंबते व सूचक दिवा लागतो. अशा वाहनाला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग चालवणे आवश्यक असते.

सीएनजीवर चालणारे उपप्रकार इंधनखर्चात स्वस्त पडतात. परंतु टाक्यांचे वजन, तुलनेने कमी टॉर्क आणि इंधन भरण्याची सोय मुख्यतः शहरे व महामार्गांलगत असणे या त्यांच्या मर्यादा आहेत. बाजारपेठेच्या गावी नियमित फेऱ्या करणाऱ्यास ते सोयीचे ठरतात.

चालित चाके

इंजिनाची शक्ती ज्या चाकांपर्यंत पोहोचते त्यांना चालित चाके म्हणतात. साध्या पिकअपमध्ये केवळ मागील दोन चाके चालित असतात. 'फोर बाय फोर' उपप्रकारात गरजेनुसार पुढील दोन चाकेही जोडता येतात.

वाहनाला मिळणारी ओढ ही चालित चाकांवरील वजन व जमिनीची पकड यांच्या गुणाकारावर ठरते. उदाहरणादाखल रिकाम्या पिकअपचे वजन १,७०० किलो व त्यांपैकी मागील चाकांवर ७०० किलो आहे असे मानू. चिखलातील पकड वजनाच्या एक चतुर्थांश आणि चिखलाचा विरोध एकूण वजनाच्या एक दशांश धरल्यास पुढील चित्र दिसते. सर्व आकडे किलो वजनाइतक्या जोराचे आहेत.

| स्थिती | विरोध | मागील दोन चाकांची ओढ | चारही चाकांची ओढ |
|---|---|---|---|
| रिकामे, सपाट चिखल | १७० | १७५ | ४२५ |
| रिकामे, दहास एक चढ | ३४० | १७५ | ४२५ |
| १,००० किलो माल (मागे ९०० किलो), सपाट चिखल | २७० | ४०० | ६७५ |
| तोच माल, दहास एक चढ | ५४० | ४०० | ६७५ |

या हिशेबावरून तीन गोष्टी दिसतात. पहिली, दोन चालित चाकांचे रिकामे पिकअप सपाट चिखलातही जेमतेम निघते. दुसरी, हौद्यात माल असल्यास मागील चाकांची पकड वाढते. रिकाम्या गाडीत मागील आसावर काही पोती ठेवण्याची चालकांची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. तिसरी, चिखल व चढ एकत्र आल्यास दोन चालित चाकांचे वाहन अडते व चार चालित चाकांचे निघते. माती खोलवर मऊ असल्यास मात्र भारामुळे चाके रुततात, विरोध झपाट्याने वाढतो आणि हा हिशेब बदलतो.

फोर बाय फोर वाहनांत बहुधा 'लो' गिअरश्रेणीही असते. तिच्यामुळे चाकांपाशी टॉर्क साधारण अडीच पट होतो व वेग त्याच प्रमाणात घटतो. चढण्याइतकाच तिचा उपयोग भारासह उतरताना होतो, कारण ब्रेकवर विसंबून न राहता इंजिनाच्या रोधावर वाहन हळू उतरवता येते.

एकाच आसावरील दोन चाकांपैकी एक चिखलात व दुसरे घट्ट जमिनीवर असल्यास साधा डिफरन्शिअल मोकळ्या चाकालाच फिरवत राहतो. हा दोष टाळण्यासाठी काही वाहनांत डिफरन्शिअल लॉक असतो. हायलक्समध्ये मागील आसाला अशी विद्युतचलित सोय आहे. पुढील चाके जोडण्याची सोय कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर पुढील व मागील चाके वेगवेगळे अंतर कापत असल्याने यंत्रणेवर ताण येतो.

टायर व जमिनीपासूनची उंची

मालवाहू पिकअपला कारखान्यातून येणारे टायर बहुधा डांबरी रस्त्यासाठी, लांब पट्ट्यांच्या नक्षीचे असतात. काळ्या मातीत त्यांच्या खाचा लगेच भरतात व टायर गुळगुळीत होतो. खोल व रुंद गुठळ्यांच्या नक्षीचा टायर फिरताना माती बाहेर फेकतो. असे टायर मागील आसाला बसवलेले साधे पिकअप पुष्कळदा गुळगुळीत टायरच्या फोर बाय फोरइतके उपयोगी ठरते. डांबरी रस्त्यावर मात्र हे टायर आवाज करतात आणि लवकर झिजतात.

महागड्या उपप्रकारांत मोठ्या व्यासाची मिश्रधातूची चाके दिली जातात. हायलक्सच्या प्राथमिक उपप्रकाराला १७ इंची, तर वरच्या उपप्रकाराला १८ इंची चाके आहेत. चाक मोठे झाले की टायरची बाजूची भिंत आखूड होते, दगडांचा आघात ती कमी शोषते आणि चाकाची कड वाकण्याची शक्यता वाढते. म्हणून दगडाळ वाटेसाठी खालचा उपप्रकार अधिक योग्य ठरू शकतो.

जमिनीपासूनची उंची मोजताना मागील आसाच्या मध्यावरील गोळा हा सर्वांत खालचा भाग असतो. बैलगाडी व ट्रॅक्टर यांच्या चाकोऱ्यांमध्ये उरलेला मातीचा उंचवटा याच भागाला लागतो. छोटा हत्ती या वाहनाची चाके १२ इंची असल्याने खोल चाकोरीच्या पाणंदीत ते टेकते. गावठाण व पक्का रस्ता हे त्याचे खरे क्षेत्र आहे.

भारतातील प्रमुख वाहने

पुढील आकडे उत्पादकांनी जाहीर केलेले आहेत. उपप्रकार वेळोवेळी बदलतात.

| वाहन | डिझेल इंजिन | शक्ती (किलोवॉट) | टॉर्क (न्यूटन-मीटर) | चालित चाके |
|---|---|---|---|---|
| महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअप | २.५ लिटर | ५२.२ किंवा ५९.७ | २०० किंवा २२० | मागील दोन |
| महिंद्रा बोलेरो पिकअप, फोर बाय फोर | २.५ लिटर | सुमारे ५६ | २०० | चार, निवडीने |
| टाटा योद्धा २.० | २.२ लिटर | सुमारे ७४ | २५० | दोन किंवा चार |
| इसुझू व्ही-क्रॉस | १.९ लिटर | १२० | ३६० | दोन किंवा चार |
| टोयोटा हायलक्स | २.८ लिटर | १५० | ४२० किंवा ५०० | चार, निवडीने |

बोलेरो मॅक्स पिकअपचे उपप्रकार १.३ ते २ टन भारक्षमतेचे आहेत, तर योद्धा २.०ची क्षमता २ टन आहे. ५० किलोच्या पोत्यांच्या हिशेबाने १.३ टन म्हणजे २६ पोती व २ टन म्हणजे ४० पोती होतात. हायलक्समधील ५०० न्यूटन-मीटर टॉर्क स्वयंचलित गिअरच्या उपप्रकारात मिळतो. व्ही-क्रॉस व हायलक्स यांची नोंदणी खासगी वाहन म्हणून होते व त्यांना पांढरी क्रमांकपट्टी असते. मालवाहू पिकअपला पिवळी पट्टी असते. माल वाहून भाडे कमावणे हा हेतू असल्यास हा फरक इंजिनाच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

निवडीचे निकष

ग्रामीण भागात पिकअप बहुधा कर्ज काढून घेतले जाते. अनावश्यक उपप्रकारासाठी दिलेली रक्कम हप्त्यांतून वर्षानुवर्षे फेडावी लागते. दुसरीकडे, अपुरे वाहन ऐन हंगामात शेतात अडकून राहते. निवडीपूर्वी पुढील बाबींचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरते.

* वाट : वर्षातील किती दिवस ओल्या वाटेवरून माल काढावा लागतो? असे दिवस मोजके असल्यास मागील दोन चालित चाकांचे वाहन, योग्य टायर आणि पावसाआधी माल पक्क्या रस्त्यालगत आणण्याची व्यवस्था पुरते. रोजचे दूध वा भाजीपाला असल्यास फोर बाय फोरचा खर्च भरून निघू शकतो.
* चढ : सपाट काळ्या जमिनीत टायर, तर डोंगराळ भागात चार चालित चाके व 'लो' श्रेणी यांना प्राधान्य द्यावे लागते.
* भार : नेहमीच्या मालाच्या वजनाहून थोडी अधिक क्षमता पुरेशी असते. क्वचित लागणाऱ्या कमाल भारासाठी कडक पाट्यांचे वाहन घेतल्यास उरलेले दिवस ते रिकामे उसळत चालते.
* दुरुस्ती : जवळच्या गावी सुटे भाग व जाणकार कारागीर मिळणे हा हंगामातील कळीचा मुद्दा असतो.
* इंजिन : वरील चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच इंजिनांची तुलना करावी, ती करताना कमाल शक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवरील टॉर्क पाहावा.

पडदा, कॅमेरा, चामडी आसने यांसारख्या सोयींचा कच्च्या रस्त्यावरील क्षमतेशी संबंध नसतो. उपप्रकाराचे नाव बदलले तरी चालित चाके, टायर व गिअरश्रेणी तीच आहे का, हे माहितीपत्रकात तपासता येते.

कायदा व सुरक्षितता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहन हलके समजले जाते. हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती या मर्यादेतील मालवाहू वाहनही चालवू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. क्षमतेपेक्षा अधिक भार वाहिल्यास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. जादा भाराने ब्रेक लागण्याचे अंतर वाढते आणि वळणावर वाहन उलटण्याचा धोका निर्माण होतो.

मालवाहू वाहनांतून शेतमजुरांची ने-आण हा जिल्ह्यातील गंभीर प्रश्न आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजुरांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून वसमत तालुक्यातील गुंज येथील सात महिलांचा मृत्यू झाला. ट्रॅक्टरची ट्रॉली असो वा पिकअपचा हौदा, तेथे आसन, पट्टा किंवा छताचे संरक्षण नसते. मजुरांची नियमित ने-आण करावयाची असल्यास दुहेरी कक्षाचा उपप्रकार घेणे व आसनसंख्येची मर्यादा पाळणे, हाच सुरक्षित पर्याय आहे.

ओढे व फरशी पूल ओलांडताना वाहनाच्या क्षमतेवर विसंबणे धोक्याचे असते. हायलक्सची पाण्यातून जाण्याची जाहीर मर्यादा ७०० मिलिमीटर आहे. परंतु अशी मर्यादा वाहत्या पाण्यात सुरक्षिततेची हमी देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी पिकअपसारखी वाहनेही वाहून नेऊ शकते. पुलावरून पाणी जात असताना थांबणे हे कोणत्याही उपप्रकाराच्या चालकाला सारखेच लागू होते.

हेही पहा

* हिंगोली जिल्हा
* टाटा मोटर्स
* महिंद्रा अँड महिंद्रा
* काळी मृदा
* हळद